झिपरूनानाच्या इंजिनाला वारं आलं

माझं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या इंजिनांपुढे उकिडवं बसण्यात गेलं. गुडघ्यांनी आता त्याचा सूड उगवायला घेतलाय. देवपूरच्या घरात जिना उतरताना ते असे वाजतात की आमची ही स्वयंपाकघरातून विचारते, "स्वतःलाच एकदा खोलून का बघत नाही?" मी म्हणतो, याचे सुटे भाग मिळत नाहीत.

धुळ्याला आग्रा रोडवर तेलावर चालणारी इंजिनं विकणारं एक दुकान होतं, तिथे मी फिटर. दुकान मारवाडी शेठचं. शेठनी इंजिन विकायचं, आणि विकलेलं इंजिन रुसलं की मी जाऊन त्याची समजूत काढायची, अशी आमची वाटणी. फिटर हा शब्द दुकानापुरता. एसटीतून उतरून गावाच्या वेशीत शिरलो की मी 'मिस्तरी'. साठ-सत्तर सालच्या त्या काळात खान्देशात सगळ्या शिवारांत विजेचे खांब पोचले नव्हते. विहिरीवर इंजिन बसलं तर केळी आणि मिरची उभी राहायची, नाहीतर नुसतं आभाळाकडे बघायचं. त्यामुळे गावात नवीन इंजिन आलं की पेढे वाटले जायचे आणि ते बंद पडलं की घरात चूल पेटवायचंही कोणाच्या जिवावर यायचं. मला बोलावणं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर तोंडी यायचं. ते धुळ्याला पोचेपर्यंत त्यात इतकी भर पडलेली असायची, की 'पट्टा निसटला'चं 'इंजिन फुटलं' झालेलं असे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंजिन म्हणजे काहीतरी मोठं गूढ. तसं नाही. त्याला डिझेल लागतं, हवा लागते आणि पोटात दाब बसावा लागतो. तिन्ही जागच्या जागी असेल तर ते चालतं. एक जरी चुकलं तर चालत नाही, आणि कोणतं चुकलं ते शोधणं एवढंच फिटरचं काम. गंमत अशी की हवा लागते ती तिच्या वाटेने आली तरच. डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तर तेच इंजिन दोन आचके देऊन गप्प होतं. मग नळीचा नट सैल करायचा, हाताने पंप मारायचा, डिझेलबरोबर फेस येतो तो येऊ द्यायचा, आणि स्वच्छ धार लागली की नट आवळायचा. एवढंच. पण हे 'एवढंच' करायला लोक मला पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नेत. मीही जायचो, कारण मला भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खुडा मिळायचा, आणि दोन दिवस शेठचं तोंड दिसायचं नाही.

कुठेही गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "काय केलं होतं?" आणि उत्तरही ठरलेलं. "काहीच नाही केलं." चाळीस वर्षांत एकाही माणसाने काही केलेलं नव्हतं. बोदवडकडच्या एका शेतकऱ्याने ऐन थंडीत बोलावलं. इंजिन सुरू होई, घुसमटे आणि बंद पडे. जाऊन पाहतो तर इंजिनाला गळ्यापासून पायापर्यंत गोधडी गुंडाळलेली, सुतळीने घट्ट बांधलेली, आणि हवा आत घ्यायचं तोंडही त्या गोधडीत. मी विचारलं, तर म्हणाला, "त्याले थंडी वाजे ना भाऊ." गोधडी त्याच्या बायकोने नवी शिवलेली होती. मी ती सोडवली तेव्हा ती माऊली माझ्याकडे असं बघत होती, की मी कोणाचं तरी अंगावरचं पांघरूण ओढलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर आमच्या दुकानात बोलावण्यांची रीघ लागायची. दसऱ्याला इंजिनाची पूजा होई. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळं यथासांग. इथवर ठीक. पण इंजिनाला तोंड असतं हे लोकांना आम्हीच शिकवलेलं. 'या तोंडाने ते हवा घेतं' असं इंजिन बसवताना सांगायची माझी पद्धत होती. एका गृहस्थाने त्या तोंडात पुरणपोळीचा घास भरवला. साजूक तूप लावून. ते साफ करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. तेव्हापासून मी ग्राहकांशी बोलताना शब्द जपून वापरायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, ठरवलंच फक्त. कारण माझ्या एका शब्दाने जो घोळ घातला, तो पुढेच आहे.

एके दिवशी, पावसाळा सरून दिवाळीही उलटून गेली होती, शेठनी मला गल्ल्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, "मिस्तरी, आपलं एक इंजिन पाण्यात गेलं."

मी म्हटलं, "बुडालं?"

"बुडालं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं? तरंगतंय. पण चालत नाही."

सोनगीरच्या पुढे हमरस्ता सोडून तापीकडे वळलं की काठावर एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला लग्नाला बोलावतात. तिथे झिपरूनाना हा नावाडी होता. पन्नाशीचा, काटक, ओठांवर भरघोस मिशी आणि बोलणं अगदी थोडं. पुलावरून पलीकडे जायचं तर मोठा वळसा पडे, म्हणून बाजारहाटाला, सोयऱ्याधायऱ्यांकडे, देवाला, सगळे नानाच्या नावेतून जात. नानाचे आजोबा सुरतेकडून नदीने वर आलेले, म्हणून त्याच्या नावेला डोलकाठी आणि शीड. आमच्याकडच्या लोकांना शिडाचं भारी अप्रूप. वारा असला की नाव शिडावर जाई, नसला की वल्ह्यांवर. त्या साली नानाची विहीर आटली. विहिरीवरचं इंजिन रिकामं पडलं. नानाने विचार केला आणि ते उचलून नावेच्या पोटात बसवलं. गावच्या लोहाराला हाताशी धरून लोखंडी दांडा पाठीमागे काढला, त्याला पाण्यातला पंखा जोडला आणि नाव चालवून दाखवली.

मी ते काम बघितलं आणि खरंच खूश झालो. दांडा सरळ, पाणी कुठे गळत नाही, पाया मजबूत सागवानी. एक युक्ती तर मला फार आवडली. डिझेलची मूळची उंच टाकी शिडाच्या आडव्या काठीला लागत होती, म्हणून लोहाराने पत्र्याची एक चपटी, लांब टाकी बनवून ती आडव्या बाकाखाली सरकवली होती. नावेच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत. डिझेलला तिकडे सगळे 'क्रूड' म्हणतात. ती टाकी बाकाखाली कोणाच्या पायांतही येत नव्हती. मी लोहाराला शाबासकी दिली. पुढे ती मनातल्या मनात परत घेतली.

दुखणं असं होतं. इंजिन काठावर मस्त चालू होई, निघे, आणि नदीच्या मधोमध बंद पडे. रोज नाही, पण गर्दीच्या दिवशी हटकून. आणि नाना म्हणाला, "जातांना बंद पडस, येतांना नही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण नाही. अलीकडून पलीकडे जाताना बंद पडायचं. पलीकडून अलीकडे येताना त्याच गर्दीत, त्याच पाण्यातून सुरळीत यायचं. माझ्या आयुष्यात इंजिनं थंडीत बंद पडली, उन्हात बंद पडली, अमावस्येला बंद पडतात असंही ऐकलं. पण दिशा बघून बंद पडणारं इंजिन पहिलंच.

मग नानाने खरी गोष्ट सांगितली. त्याची मुलगी मथुरा. तिची सोयरीक पलीकडच्या काठावरच्या उखाआबाच्या मुलाशी जमली होती. उखाआबाही नावाडी, त्याच्याही नावेला शीड, आणि इंजिनाचा त्याला मनापासून तिटकारा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त धरायचा होता. आणि नेमकी सोयरीक जमल्यापासून नाव जाताना अडायला लागली होती. नानाची म्हातारी आई, जिला सगळा गाव नुसतं 'माय' म्हणायचा, तिने त्याचा अर्थ लावून टाकला होता.

"पोरले जाऊ देत नही ती," माय नदीकडे बोट दाखवून म्हणाली. "माहेरले येऊ देस, सासरले जाऊ देत नही."

ही गोष्ट पलीकडेही पोचली होती. उखाआबाने निरोप धाडला होता, की नदीचंच मन नसेल तर आपण कशाला घाई करायची. असल्या निरोपाचा अर्थ सगळ्यांना कळतो. मथुरा काठावर भांडी घासत होती. ती आमच्याकडे पाठ करून बसली होती, पण तिचा हात एकाच पातेल्यावर कितीतरी वेळ फिरत होता. मला माझी बहीण आठवली. मी मनात म्हटलं, हे इंजिन मी नीट केल्याशिवाय धुळ्याला जायचं नाही.

आणि नीट केलं. म्हणजे तसं मला वाटलं. नळीत हवा होती, ती काढली. टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. मग मी आणि नाना दोघेच नाव घेऊन या काठाचे त्या काठाला, त्या काठाचे या काठाला फिरत राहिलो. एकदाही अडलं नाही. मायने मला भरीत-भाकरी वाढली, मी दोनदा भरीत मागून घेतलं आणि विजयी वीरासारखा एसटीत बसलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी परत बंद पडलं. ड्रायव्हरने निरोप दिला, "मिस्तरी, इंजिन फुटलं."

मी परत गेलो. परत नळीत हवा. आता हवा शिरते म्हणजे कुठेतरी भोक असणार, हा आमच्या धंद्यातला सरळ हिशेब. मी तांब्याच्या वायसरी बदलल्या, फिल्टर बदलला, नळी नवी घातली, साबणाचं पाणी लावून एक एक सांधा तपासला. कुठेही काही नाही. दुपारच्या उन्हात डोकं तापलं होतं, काठावर बघ्यांची गर्दी होती, आणि कोणीतरी विचारलं, "मिस्तरी, काय व्हयनं त्याले?" मी कपाळाचा घाम पुसत बोलून गेलो, "अरे, त्याच्या अंगात वारं शिरतंय कुठून तरी."

झालं. हवा शिरते म्हणायचं सोडून मी 'अंगात वारं' म्हणालो. आता अंगात वारं येणं म्हणजे आमच्याकडे काय, हे सांगायला नको. देवीचं वारं येतं, भैरोबाचं येतं, ज्याच्या अंगात येतं तो घुमतो आणि बोलतो. मायने डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात जोडले. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात झालं, की तापीमायचं वारं इंजिनात आलंय, आणि हे कोणा येड्यागबाळ्याने नाही, धुळ्याच्या मिस्तरीनी सोता सांगं. दुसऱ्या दिवशी मी नावेत उतरलो तेव्हा इंजिनाला हळदकुंकू लावलेलं होतं, हँडलला लिंबू बांधलेलं होतं आणि वर एक नारळ ठेवलेला. मी म्हटलं, अहो, वारं म्हणजे नुसती हवा. तर माय म्हणाली, "हवाच ऱ्हास रे भाऊ. दिसस थोडीच?"

वाऱ्याची बातमी पलीकडे गेली आणि उखाआबा स्वतः आला. शीड पूर्ण उघडून, ऐटीत, नाव अशी आणून काठाला लावली की तिचा आवाजही झाला नाही. पांढरी दाढी, डोक्याला लाल फेटा, आणि डोळे मिश्कील. भांडखोर माणूस मुळीच नव्हता. पण मुलाच्या लग्नात अपशकुन नको, ही त्याची भीती खरी होती, आणि ती लपवायला तो चेष्टा करत होता. त्याने इंजिनावरचं लिंबू पाहिलं, मला पाहिलं, आणि नानाला म्हणाला, "मन्हा शीडले वारा लागस, तुन्हा इंजिनले वारा बाधस. मंग आपलं जमी कसं?"

लोक हसले. नाना हसला नाही. तो म्हणाला, "आबा, आज बाजारना दिन शे. तुम्ही मन्ही नावम्हा बसा. देखा, काय व्हस ते."

उखाआबा बसला. मीही बसलो, इंजिनापाशी, हातात पाना घेऊन. नाव खच्चून भरली होती. टोपल्या, गाठोडी, एक शेळी, आणि माय, कारण नारळाला ती नजरेआड होऊ देत नव्हती. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. मी मनात सगळ्या देवांना नमस्कार केले, ज्यांच्यावर माझा एरवी फारसा विश्वास नसतो त्यांनाही.

मधोमध आल्यावर उगवतीच्या अंगाला नदीच्या वळणावर महादेवाचं देऊळ दिसतं. तिथे आलं की सगळे उठतात, उगवतीच्या कडेला जातात, देवळाला हात जोडतात आणि नदीत पैसा किंवा फूल टाकतात. जाताना, येताना, दोन्ही वेळा. हे इतकं नेहमीचं, की कोणाच्या ध्यानातही राहत नाही. मीही सगळ्यांबरोबर उठलो, सरकलो, हात जोडले. आणि त्याच क्षणी इंजिनावरचा नारळ घरंगळला. खाली पडला, गडगडत उगवतीच्या अंगाला गेला आणि फळीला ठक्कन आपटला. इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं.

सगळी नाव माझ्याकडे बघायला लागली. उखाआबाने हाताची घडी घातली. माय डोळे मिटून पुटपुटायला लागली. नानाचा चेहरा मात्र बघवेना. मी कोणाकडे बघतच नव्हतो. मी त्या नारळाकडे बघत होतो.

मी वाकलो आणि पान्याने बाकाखालची टाकी वाजवली. उगवतीच्या टोकाला भरल्यासारखी दबकी वाजली. मावळतीच्या टोकाला रिकाम्या डब्यासारखी खणखणली. आणि डिझेलची नळी होती त्या मावळतीच्या टोकाला. मी म्हटलं, "सगळे आपापल्या जागी बसा बघू." लोक बसले, नाव सरळ झाली आणि नारळ गडगडत माझ्या पायाशी परत आला. मला इतकं हसू आलं की ते आवरेना. शेळीसुद्धा दचकली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आते मिस्तरीले बी वारं उनं."

आमचं सगळं शिक्षण जमिनीवरचं. इंजिन सिमेंटच्या ओट्यावर घट्ट बसलेलं असतं. ते कधी कलंडत नाही, म्हणून कलंडल्यावर काय होतं हा प्रश्न खान्देशातल्या कोणत्याही मिस्तरीला पडलेला नव्हता. इथे सगळी माणसं एका अंगाला गेली की नाव त्या अंगाला झुकायची, चपट्या टाकीतलं डिझेल तिकडे पळायचं, नळीचं तोंड उघडं पडायचं आणि हवा आत. टाकी भरलेली असली किंवा माणसं थोडी असली की काही होत नसे, म्हणून मी आणि नाना फिरलो तेव्हा सगळं गोड. आणि येताना नाव उलट्या तोंडाने यायची. लोक उगवतीलाच जायचे, पण आता नळीचं टोकही उगवतीलाच असायचं. डिझेल तिथेच गोळा व्हायचं, मग इंजिन कशाला अडेल? सासर, माहेर, नदीचं मन, सगळं त्या एका टोकात होतं.

हे मी उखाआबाला शब्दांत सांगायच्या भानगडीत पडलो नाही. शब्दांनी आधीच पुरे केलं होतं. काचेची एक बाटली पाण्याने अर्धी भरली, त्याच्यासमोर आडवी धरली आणि कलती केली. जन्म नावेत गेलेला माणूस तो. त्याने एकदाच बघितलं आणि हाताची घडी सोडली.

"माणसं एक आंगले गयात ते नाव कलंडस, हाई माले माहीत शे," तो म्हणाला. "क्रूड बी कलंडस, हाई आज समजनं."

मग जरा वेळाने, नानाकडे न बघता, पाण्याकडे बघत, "टाकी सरळ कर झिपरू. मंग मुहूर्त धरूत. पण वऱ्हाडना दिन थांबाले नको."

मी धुळ्याला जाऊन एक उंच, गोल टाकी करून आणली, नळी बुडातून मधोमध काढलेली. ती नावेच्या मधल्या रेषेत घोडीवर उभी केली. शिडाची काठी आडवी येत होती, म्हणून नानाला शीडच वीतभर वर घ्यावं लागलं. उखाआबाने त्यावरून चेष्टा केलीच, की इंजिनापुढे शिडाला लुगडं वर धरून चालावं लागलं. बाजाराच्या दिवशी लोक एका अंगाला गेले, नाव झुकली, इंजिन ठकठक चालूच राहिलं. लिंबू मात्र मायने काढू दिलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

लग्न अलीकडच्या काठावर झालं. मला आवतण होतंच, आणि शिवाय नानाची अट होती, की वऱ्हाड पलीकडे पोचेपर्यंत मी इंजिनापाशी हवा. नाव तोरणांनी सजवली होती. मथुरा आणि जावई मधल्या बाकावर, उखाआबा सुकाणूपाशी, माय मथुरेला खेटून. मी कान लावून बसलो होतो. आमच्या कामात डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतं, आणि त्या दिवशी तो आवाज इतका सरळ होता की मी जरा फुशारलो. महादेवाचं देऊळ दिसलं. सगळे उठले, उगवतीच्या कडेला गेले. इंजिन चालूच. मी उखाआबाकडे अशा थाटात बघितलं, की घ्या आता.

आणि माय म्हणाली, "थांबाड त्याले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण मायच्या हातात खण, नारळ आणि तांदूळ होते. मथुरेच्या हाताने नदीची ओटी भरायची होती, आणि इंजिनाच्या धक्क्यात, धावत्या नावेतून ओटी टाकायला माय तयार नव्हती. पूर्वी शिडावर नाव जायची तेव्हा नाना या जागी शीड सोडून द्यायचा, आणि नाव उगीच थोडी तरंगत राहायची. इंजिन आल्यापासून ते थांबणं बंद झालं होतं. माय म्हणाली, "पोर जाई राहिनी. मायलेकीले भेटू ते देशी?"

मी नानाकडे बघितलं. नानाने उखाआबाकडे बघितलं. वऱ्हाडाच्या दिवशी नाव थांबायला नको, ही आबाचीच अट होती. आणि खरं सांगायचं तर माझंही मन होईना. ज्या इंजिनाने मधोमध थांबू नये म्हणून मी एवढं केलं, तेच माझ्या हाताने मधोमध बंद करायचं? मथुरेने मान खाली घातली होती. तिने फक्त मायच्या हातातला नारळ आपल्या हातात घेतला.

उखाआबाने फेटा जरा मागे सारला. "बंद कर मिस्तरी," तो म्हणाला. "मन्ही सूनले तिन्ही मायनी भेट लेऊ दे."

मी बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की पाणी नावेला लागतंय ते ऐकू आलं. नाव हळूहळू खाली वाहत होती. मथुरेने ओटी सोडली. हिरवा खण पाण्यावर पसरला, नारळ थोडा अंतरावर जाऊन डोलायला लागला. तिने ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, आणि मग तिचा बांध फुटला. नाना, जो कधी फारसा बोलत नसे, तोंड फिरवून शिडाच्या दोरीची नसलेली गाठ सोडत बसला. मी पान्याकडे बघत होतो. पाना कशाने ओला झाला ते मला माहीत आहे.

जरा वेळाने उखाआबा सुकाणू सोडून माझ्याकडे आला. इंजिनाचं हँडल माझ्या हातातून घेतलं. त्याने आयुष्यात त्या यंत्राला हात लावला नव्हता. मी फक्त कुठे धरायचं ते दाखवलं. त्याने एकदाच फिरवलं, आणि इंजिन सुरू झालं. पहिल्या हँडलला. इंजिन नीट आहे की नाही हे ते किती वेळ चालतं त्यावरून मी कधी ओळखत नाही. बंद केलेलं पहिल्या हँडलला परत चालू होतं का, त्यावरून ओळखतो.

त्या दिवसापासून झिपरूनानाची नाव देवळासमोर इंजिन बंद करून थांबायला लागली. जाताना आणि येतानाही, सगळ्यांनी हात जोडेपर्यंत. पुढे तिकडे जवळच पूल झाला आणि नावेच्या फेऱ्या सुटल्या. मथुरेची नातवंडं आता एसटीने पूल ओलांडतात. बायका खिडकीतून पैसा टाकतात, पण एसटी काही थांबत नाही, आणि निम्म्या वेळा पैसा कठड्याला लागून रस्त्यावरच पडतो. मला त्याचं वाईट वाटतं. पूल नको होता असं नाही. थांबायची एक जागा गेली.

फेऱ्या सुटायच्या आधी एकदा मी सहज त्या नावेतून गेलो होतो. मधोमध नानाने इंजिन बंद केलं. नावेत जळगावकडचा कोणी नवखा पाहुणा होता. तो घाबरून म्हणाला, "काय झालं? बंद पडलं का?"

नानाने माझ्याकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसला. त्याने पाहुण्याला जे सांगितलं, तेच मी हल्ली देवपूरच्या चौकात सांगतो, जेव्हा कोणी ओळखीचं भेटतं, माझ्या हातात पाना दिसत नाही म्हणून हळहळतं आणि विचारतं, की मिस्तरी, काम बंद पडलं का तुमचं?

"बंद नही पडनं भो. थांबनं शे."